पक्कड कुणाच्या हातात?

मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या महिला मंडळाची बैठक होती. पापडांचा हिशेब झाला, चहा झाला आणि शेवटी उन्हाळी शिबिराचा विषय निघाला. यंदा मुलांसाठी दहा दिवसांचा रोबोटिक्सचा वर्ग, शिकवणारे बाहेरून येणार. फी साडेचार हजार. निम्मी पालकांनी भरायची, निम्मी मंडळाच्या फंडातून. मुलींसाठी मेंदी, केक आणि फुलांची सजावट. यादी तयारच होती. अठरा नावं. मी चष्मा लावून दोनदा वाचली. अठराच्या अठरा नातू.

मी विचारलं, "यात एकही मुलगी कशी काय नाही?"

चिटणीस बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. म्हणाल्या, "अहो काकू, मुलींना त्यात इंटरेस्ट नसतो. आणि जागा वीसच आहेत. दोन राखून ठेवल्यात, सुट्टीला कुणाची भाचे-पुतणे मंडळी आली तर असू देत म्हणून."

ऐका मैत्रिणींनो. सुट्टीला येणाऱ्या, अजून न आलेल्या भाच्यांसाठी दोन जागा आहेत, आणि घरातल्या मुलींसाठी एक नाही. फंड कुणाचा? आमचाच. पापड लाटून लाटून आमच्या मनगटांना सूज आली तेव्हा कुठे तो जमला. आणि यादी कुणी केली? कुणा पुरुषानं नाही. आपणच केली. म्हणून हा लेख पुरुषांवर नाही, आपल्यावर आहे. वाचून राग आला तर येऊ द्या.

माझी नात अकरा वर्षांची. तिनं दिवाळीत बंद पडलेली बॅटरी उघडली, आतला गंजलेला स्प्रिंग लिंबानं घासला आणि बॅटरी चालू करून दाखवली. घरात कौतुक झालं म्हणता? सूनबाई म्हणाली, "पसारा आवर आधी." मीही तेव्हा हसलेच. ते हसणं मला त्या बैठकीत आठवलं आणि तोंड कडू झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग नातीचं नाव घालून घ्यायचं होतं यादीत, विषय मिटला असता. घालूनही घेतलं असतं. भांडायला मी कमी नाही. पण घरी येऊन नातीला विचारलं, तर ती म्हणाली, "आज्जी, तिथं नुसतं जोडून घेतात म्हणे. मला माझं करायचंय. आपण घरी करूया की!" आम्हा बेळगाव-निपाणीकडच्या पोरींचं हे 'की' एकदा आलं की पुढं वाद चालत नाही.

म्हणून त्याच दहा दिवसांत आमच्या पडवीत आमचा वर्ग भरला. एक आज्जी, एक नात, आणि शिकवणारं कुणी नाही. त्यातून मला जे कळलं ते सांगते. मुलींना यादीत जागा द्या, ही माझी मागणी फार लहान होती. मुळात रोबो बनवायची सुरुवात वर्गात, खोक्यात आणि फीच्या पावतीत होते हा समजच खोटा आहे. ती घरात होते, भंगाराच्या डब्यापाशी होते. आणि घर जर आपलं राज्य असेल, निदान म्हणताना तरी आपण तसं म्हणतोच, तर तिथं पक्कड कुणाच्या हातात द्यायची हे ठरवणंही आपल्याच हातात आहे.

आधी रोबो या शब्दाचंच बघा. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकात हा शब्द पहिल्यांदा आला. त्याला तो सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, सक्तीची राबणूक. ज्यांचं काम दिसतं पण नाव लागत नाही, ते रोबो. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. आपल्याला इंटरेस्ट नसतो म्हणे! सकाळी पाचपासून ठरलेल्या क्रमानं चालू होणारी, बटण दाबल्यावर चहा देणारी यंत्रं आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहेतच. आता निदान एक यंत्र आपण स्वतः बनवायला काय हरकत आहे?

आणि हे काम भंगारातून सुरू होतं म्हणाले, ती काही माझी काटकसर नव्हे. इंग्लंडात ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर नावाचा मेंदूचा अभ्यासक होता. त्यानं १९४८-४९ च्या सुमारास दोन यंत्र-कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. उजेड दिसला की त्याकडे जायची, अडथळा लागला की वळायची. आत रेडिओचे दोन व्हॉल्व्ह, आणि दातेरी चाकं जुन्या घड्याळांतली नि गॅसच्या मीटरांतली. आजही रोबोचा इतिहास सांगताना त्या कासवांचं नाव घ्यावंच लागतं.

तर आम्ही काय केलं ते सांगते. नुसतं 'मुलींना पुढे आणा' म्हणून टाळ्या मिळवणं सोपं असतं. काय करायचं ते कुणी सांगत नाही.

पहिल्या दिवशी नातवाची मोडकी गाडी फोडली. आत बोटाच्या पेराएवढी मोटर. दोन पेन्सिल सेल, दोन वायरी. लावल्या, फिरली. वायरींची अदलाबदल केली, उलटी फिरली. बस्स, एवढंच. पण ही अक्षरओळख आहे. ज्या पोरीनं स्वतःच्या बोटांनी मोटर उलटी फिरवून पाहिली, तिला धन आणि ऋण पुस्तकातून पाठ करावं लागत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन पिवळ्या मोटरी आणल्या. दुकानात त्यांना बीओ मोटर म्हणतात. मोटरीलाच दातेरी चाकांची पेटी जोडलेली असते, त्यामुळे वेग कमी होतो आणि जोर वाढतो. नुसती खेळण्यातली मोटर भरारा फिरते, पण वजन ओढत नाही. मला पन्नास-साठ रुपयांना एक पडली. जाड पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना त्या बांधल्या, चाकं घातली, पुढं टेकू म्हणून बाटलीचं गुळगुळीत झाकण. दोन मोटरींना दोन बटणं, लांब वायरीवर. दोन्ही दाबली की गाडी सरळ. डावं सोडलं की डावीकडे वळते, उजवं सोडलं की उजवीकडे. स्टिअरिंग नाही, काही नाही. पडवीतून स्वयंपाकघरापर्यंत ती गाडी गेली, तेव्हा सूनबाई पोळी तव्यावर टाकून बघायला आली. पोळी करपली. बरं झालं.

पण हा अजून रोबो नव्हे. हुकूम आपला, ती फक्त पळते. तिला स्वतःला काहीतरी कळलं पाहिजे. त्यासाठी डोळा लागतो. एलडीआर नावाचा एक बारका चकतीसारखा भाग मिळतो, चार-पाच रुपयांचा. अंधारात तो विजेला जवळजवळ अडवून धरतो, उजेड पडला की वाट देतो. असे दोन डोळे पुढं लावायचे, एक डावा, एक उजवा. पण डोळ्यातून जाणारी वीज इतकी थोडी, की मोटर तिच्यावर हलत नाही. मधे ट्रान्झिस्टर लागतो. तीन पायांचा, एका पायाला थोडी वीज दिली की उरलेल्या दोन पायांतून पुष्कळ सोडतो. पाटाचं दार असतं तसं समजा. दार एक माणूस उघडतो, पाणी सगळ्या शेताला जातं.

इथं आम्ही आपटलो. मी बाजारात गेले. दुकानदारानं माझ्याकडे न बघताच विचारलं, "काय पाहिजे ते चिठ्ठीवर लिहून आणलंय काय? नाहीतर साहेबांना पाठवा." माझे साहेब वारून नऊ वर्षं झाली. मी म्हटलं, "साहेब मीच आहे. ट्रान्झिस्टर द्या." त्यानं सगळ्यात स्वस्त तो दिला, बीसी ५४७. घरी लावला. दोन मिनिटांत चटका बसेल इतका तापला, मग वास आला, मग मोटर बंद. नात रडकुंडीला आली. मीही मनातून खचले. वाटलं, चिटणीस बाईंचंच खरं की काय?

रात्री झोप येईना. नातीनं मोबाइलवर त्या नंबराचा माहितीचा कागद शोधून काढला. त्यात सरळ छापलेलं होतं की हा भाग फार तर १०० मिलिअँपिअर सोसतो. आमची मोटर सुरू होताना, आणि अडकली तर, त्याच्या कितीतरी पट ओढते. म्हणजे आमची अक्कल कमी नव्हती, मालाची निवड चुकली होती. पाव किलोच्या भांड्यात दोन किलोचा भात रांधला तर उतू जाणारच. त्यात भांड्याचा दोष नाही आणि बाईच्या बुद्धीचा तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात जाऊन मी नंबर सांगून टीआयपी १२२ मागितला, सोबत मोटरीला आडवा लावायला एकेक डायोड, कारण मोटर थांबताना उलटा झटका देते आणि ट्रान्झिस्टर मारते. या खेपेला दुकानदारानं मान वर करून बघितलं.

तरी गंमत झालीच. जोडल्या जोडल्या दोन्ही मोटरी नुसत्या फिरतच राहिल्या, कारण खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेडसुद्धा त्यांना पुरत होता. मग डोळ्यांना एकेक बारका प्रिसेट जोडून, तो पिळून पिळून, ट्यूबलाइटला गप्प आणि बॅटरीच्या झोताला जागा, असं जमवावं लागलं. त्यात दीड दिवस गेला. वर्गात हा दीड दिवस कुणी देत नाही.

आणि आता खरी गोष्ट. उजवा डोळा डाव्या मोटरीला, डावा डोळा उजव्या मोटरीला, असा तिरका जोड केला. डावीकडून बॅटरी मारली की डावा डोळा जागा होतो, उजवं चाक पळतं आणि गाडी डावीकडे, म्हणजे उजेडाकडे वळते. नातीच्या मागं मागं ती मांजरासारखी फिरली. मग नातीनं, मी न सांगता, वायरी बदलल्या. डावा डोळा डाव्याच चाकाला. आता गाडी उजेडापासून पळायला लागली, कोपऱ्यात अंधारात जाऊन थांबली. "आज्जी, भ्यालंय बघ ते!" व्हालेंटिनो ब्राइटेनबर्ग या शास्त्रज्ञानं १९८४ साली एक अख्खं पुस्तक याच गोष्टीवर लिहिलं आहे: दोन वायरी सरळ की तिरक्या एवढ्या फरकानं यंत्र आपल्याला धीट किंवा भित्रं वाटायला लागतं. माझ्या नातीनं ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिनं वायर बदलली.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रदर्शन होतं. मी गेले. अठरा टेबलं, अठरा गाड्या, सगळ्या एकाच रंगाच्या. छान चालत होत्या, नाव ठेवणार नाही. मी एका मुलाला विचारलं, "बाळ, ही वळते कशी?" तो म्हणाला, "सरांनी प्रोग्रॅम टाकलाय." दुसऱ्याला विचारलं, "ही वायर काढली तर?" तो घाबरून म्हणाला, "हात लावायचा नाही, खोकं परत द्यायचंय." फोटो झाले, प्रशस्तिपत्रकं झाली, आणि अठराही रोबो मोजून खोक्यात गेले. मुलं घरी गेली ती हात हलवत. पोरांचा दोष नाही, शिकवणाऱ्यांचाही फारसा नाही. खोकं मोडलं तर भरपाई त्यांनाच करावी लागते. पण ज्याला मोडायची मुभा नाही त्याला शिकायची तरी मुभा कुठली? आम्ही पापडाचे पैसे कशावर घातले? अठरा फोटोंवर.

आता आक्षेप. मला तोंडावर आणि पाठीमागं मिळून जे ऐकायला मिळाले ते घेते.

पहिला: शॉक बसेल. नाही बसत, पेन्सिल सेलवर काम करा. भिंतीतल्या २३० व्होल्टशी पोरांचा काही संबंध येऊ द्यायचा नाही. त्याची गरजच नाही. खरी काळजी वेगळीकडे घ्या. घड्याळातले चपटे बटण-सेल रांगत्या बाळाच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा लागतो. जुन्या मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू नका, उघडू नका. डाग द्यायचा सोल्डर शिशाचा असतो, खिडकी उघडी ठेवा आणि नंतर साबणानं हात धुवा. उकळत्या तेलात करंज्या सोडणाऱ्या बायकांना एवढी सावधगिरी शिकवायला नको.

दुसरा: आपण व्यापारी माणसं, हे लोहार-सुताराचं काम आपलं नव्हे. हे म्हणणाऱ्या बेळगावकरांनी एकदा बोगारवेशीचं नाव आठवावं. बोगार म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांवर पोट असलेले, आणि ते आपल्यातलेच. उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि लेथ मशिनी यांवर या गावातली किती घरं चालतात ते मोजा. धातूला हात लावून मिळवलेल्या पैशाची लाज नाही, फक्त मुलीनं हात लावला की लाज?

तिसरा: मुलींना आवड नसते. आवड आकाशातून पडत नाही. नातवाला पहिल्या वाढदिवसाला गाडी, नातीला बाहुली. गाडीत मोटर असते, बाहुलीत कापूस. दहा वर्षं कापूस देऊन मग म्हणायचं, हिला मोटरीची आवड नाही. आणि आपल्याला तरी आवड नव्हती कशावरून? शिलाई मशीनची बॉबिन अडकली की कोण काढतं? मिक्सरचा कार्बन झिजला हे आवाजावरून कोण ओळखतं? कुकरची शिट्टी का होत नाही हे कोण शोधतं? हे सगळं यंत्रकाम आहे. फक्त आपण केलं की त्याला घरकाम म्हणतात. मुलांना यंत्राला हुकूम द्यायला शिकवणारी लोगो ही संगणकाची भाषा १९६७ साली ज्यांनी घडवली, त्यांत सिंथिया सॉलोमन ही बाई होती. पुढं त्याच भाषेवर जमिनीवर रेघा काढणारं यंत्र-कासव चाललं. तिथं कुणी तिला 'साहेबांना पाठवा' म्हटलं असेल का, मला ठाऊक नाही. म्हटलं असतं तर नुकसान मुलांचं झालं असतं.

चौथा: काकू, हे छंद झाले, मार्क मिळतात का? नाही मिळत. मेंदीचे मिळतात का? केकचे?

वर्ग नकोतच असं माझं म्हणणं नाही. पुढची पायरी येते, प्रोग्रॅम लिहावा लागतो, तिथं जाणत्याचा हात लागतो. त्यासाठी आर्डुइनो नावाची छोटी पाटी आहे. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात ती तयार झाली, आणि तीही इंजिनिअरांसाठी नव्हे, डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी. तिचा आराखडा सगळ्यांना खुला आहे, म्हणून तिच्यासारख्या पाट्या काही शे रुपयांत मिळतात. आमची आज्जी-नातीची गाडी सध्या तिथं अडली आहे. अडलो तर विचारू. पण अडेपर्यंत तरी आमचं आम्ही आलो. जो स्वतः अडला त्यालाच काय विचारायचं ते कळतं. ज्याला खोकं हातात मिळालं त्याला प्रश्नच पडत नाही.

तर पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे, आणि तुम्ही तुमच्या गावात, वडोदऱ्यात, इंदुरात, जिथं असाल तिथं मांडाव्यात असं मला वाटतं. एक, फंडातून साडेचार हजारांच्या खोक्यांऐवजी दोन सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर, चार पकडी, चार स्क्रूड्रायव्हर आणि मोटरींचा एक डबा घ्यावा. तो मंडळाचा राहील, परत जाणार नाही. दोन, दर रविवारी सकाळी हॉलमधलं एक लांब टेबल त्यासाठी मोकळं ठेवावं, आणि बंद पडलेली खेळणी, घड्याळं, टेपरेकॉर्डर भंगारवाल्याला देण्याआधी तिथं आणून टाकावीत. तीन, टेबलापाशी मुलगे-मुली सगळे यावेत, पण पक्कड आधी मुलीच्या हातात द्यावी. दहा वर्षं ती दुसऱ्या हातात होती, थोडी भरपाई नको?

चिटणीस बाईंना मी हे सांगितलंय. त्या म्हणाल्या, "काकू, शिकवणार कोण?" मी म्हटलं, "माझी नात." त्या हसल्या. मग गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या घरी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आमची धाकटी सारखी उघडायला बघते. मीच रागावते तिला."

त्या रविवारी येतो म्हणाल्यात, टेपरेकॉर्डर घेऊन. आणि धाकटीलाही.